गाडीवरचे चायनीज आपल्या कढईत



संध्याकाळी वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, रबाळे, ऐरोली, कोणत्याही स्टेशनाबाहेर पडा, लाल रंगाची, ड्रॅगनचे चित्र काढलेली चायनीजची गाडी दिसल्याशिवाय राहत नाही. एमआयडीसीतली पाळी संपवून आलेला कामगार, क्लासहून परतणारी मुले, धुणीभांडी आटोपून घरी निघालेली ताई, सगळेच तिथे थांबतात. मुले घरी आली की तोच हट्ट धरतात. चार जणांच्या चार प्लेटा म्हटले की महिन्याच्या हिशेबाला भोक पडते. शिवाय गाडीवर तेल किती वेळा उकळले, मटण कोणते आणि किती ताजे, हे विचारायची सोय नसते.

म्हणून या वेळी आम्ही परतलेल्या नूडल्सची कृती देत आहोत, आणि तीही मोठ्याच्या मटणाची. 'मोठ्याचे' म्हणताना आपल्यातल्या पुष्कळ घरांत आजही आवाज खाली येतो. त्याविषयीही दोन शब्द बोलणार आहोत. आधी या पदार्थाचे कूळ पाहू.

हक्का म्हणजे कोण?

पाकिटावर 'हक्का नूडल्स' लिहिलेले असते. हक्का हे मसाल्याचे नाव नाही, ते माणसांचे नाव आहे. हक्का म्हणजे 'पाहुणी कुटुंबे'. यांचे पूर्वज उत्तर चीनमधून दक्षिणेत आले आणि तिथल्या लोकांनी त्यांना पाहुणेच मानले. यांच्यापैकी काही कुटुंबे पुढे कोलकात्यात येऊन स्थायिक झाली. शहराच्या टांगरा भागात त्यांनी कातडी कमावण्याचे कारखाने काढले. कातड्याला हात लावणे सवर्ण हिंदू विटाळ मानीत, म्हणून तो धंदा या परक्या लोकांसाठी मोकळा होता. त्यांच्या कारखान्यांत राबणारे मजूर बहुतेक बिहारकडचे चर्मकार बांधव होते. १९६२ च्या युद्धानंतर भारतातल्या हजारो चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबले गेले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोलकात्यातल्या टॅनऱ्या शहराबाहेर हलविण्याचा आदेश दिला. त्यानंतर टांगऱ्यातल्या अनेक कुटुंबांनी खाणावळीच्या धंद्यावरच भर दिला.

मुंबईत हे खाणे रुजविण्यात कोलकात्याच्या चिनी आचाऱ्यांचा मोठा वाटा आहे. 'मंचुरियन' हा पदार्थ १९७५ च्या सुमारास मुंबईत नेल्सन वांग या कोलकात्याच्या आचाऱ्याने तयार केला असे सांगतात. चीनमध्ये त्या नावाचा पदार्थ कोणी ओळखत नाही. चायनीज भेळ तर शुद्ध मुंबईची.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की, ज्या पदार्थासाठी आज सगळ्या जातीधर्माची मुले रांग लावतात, तो कातडे कमावणाऱ्या हातांतून आला आहे. लोकांना चव आवडली, मग हात कोणाचे हे कोणी विचारले नाही. आपल्या आजीच्या हातच्या खाण्याला मात्र नाके मुरडली गेली.

मोठ्याचे मटण आणि कायदा

चीनच्या दक्षिणेकडे मोठ्याच्या मटणाबरोबर परतलेले नूडल्स हे रोजचे खाणे आहे. आपल्याकडे ते करताना मटण म्हशीचेच घ्यावे. महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणी रक्षण कायद्याने गाईची कत्तल बंद आहे. २०१५ मध्ये त्या कायद्यातली दुरुस्ती लागू झाली आणि बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली. परराज्यात कत्तल झालेल्या जनावराचे मांस जवळ ठेवणे हा गुन्हा ठरविणारे कलम मात्र न्यायालयाने रद्द केले. म्हशीच्या कत्तलीवर अशी सरसकट बंदी नाही, पण त्यासाठी अधिकाऱ्याचा दाखला लागतो. म्हणून मटण परवाना असलेल्या दुकानातूनच घ्यावे, पावती मागून घ्यावी आणि मटण संपेपर्यंत ती जपून ठेवावी.

पावतीचे आम्ही उगाच सांगत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये धुळ्याहून मुंबईकडे येणाऱ्या गाडीत, लेकीकडे निघालेल्या एका वृद्ध गृहस्थाला मटण नेल्याच्या संशयावरून टोळक्याने मारहाण केली. आपण म्हशीचे मटण नेत आहोत असे ते सांगत होते, पण ऐकून कोण घेणार? ही भीती खोटी नाही. म्हणून मटण शक्यतो घराजवळच्या दुकानातून आणावे, नीट बांधून आणावे आणि लांबच्या प्रवासात नेऊ नये. कायद्यात राहून काळजी घेणे हे शहाणपण आहे. त्यासाठी घरात मान खाली घालण्याची गरज नाही.

बाबासाहेब काय म्हणाले होते?

काही भगिनी म्हणतात, "बाबासाहेबांनी तर मांस सोडायला सांगितले होते." यात एक घोटाळा होतो, तो समजून घेतला पाहिजे. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस खाणे सोडा, शिळे-उष्टे तुकडे मागणे सोडा, असे कळकळीने सांगितले. मेलेले ढोर ओढणे आणि त्याचे मांस खाणे हे गावगाड्याने आपल्या माथी मारले होते. ते टाकून देणे हा स्वाभिमानाचा प्रश्न होता, आणि आपल्या आज्या-पणज्यांनी उपाशी राहून तो सोडविला. दुकानातून स्वतःच्या कमाईने ताजे मटण विकत घेणे ही वेगळी गोष्ट आहे.

१९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात बाबासाहेबांनी अस्पृश्यतेचे मूळ शोधले. त्यांची मांडणी अशी की, आपले पूर्वज बौद्ध होते, म्हणून ब्राह्मण त्यांचा तिरस्कार करीत, आणि इतरांनी गोमांस सोडल्यावरही ते खात राहिले, म्हणून त्यांना अस्पृश्य ठरविले गेले. म्हणजे ताटात काय आहे यावरून माणसाची पायरी ठरविण्याची रीत फार जुनी आहे. आज भाड्याची खोली देताना "नॉनव्हेज खाता का?" असे विचारतात, तेव्हा तीच रीत नव्या कपड्यांत समोर उभी असते.

धम्माचे काय? विनयात असे आले आहे की, देवदत्ताने भिक्खूंना मांस-मासे कायमचे बंद करावेत अशी मागणी केली होती आणि भगवान बुद्धांनी ती मानली नाही. भिक्खूंसाठी नियम एवढाच की, तो प्राणी आपल्यासाठी मारलेला आपण पाहिलेला नसावा, ऐकलेला नसावा आणि तशी शंकाही नसावी. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी हत्या करण्याची इच्छा आणि हत्येची गरज यांत फरक केला आहे. दुसरीकडे, बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. ती स्मरून ज्यांनी मांसाहार सोडला, त्यांच्याविषयी आम्हाला आदरच आहे. पौर्णिमेला किंवा वर्षावासात न खाणारी घरेही पुष्कळ आहेत. खाणाऱ्याने न खाणाऱ्याची थट्टा करू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला कमी लेखू नये. आपल्या घरात काय शिजावे हे आपण ठरवावे, शेजाऱ्याच्या भुवयांनी नव्हे.

आता पदर खोचा. बंधूंनो, तुम्हीही उठा. भाज्या चिरायला निदान दोन माणसे हवीत, आणि समतेची सुरुवात विळीपासून करायला हरकत नाही.

साहित्य (चार ते पाच माणसांसाठी)

हक्का नूडल्स ३०० ग्रॅम. म्हशीचे बिनहाडाचे मटण ३०० ग्रॅम. कोबी बारीक उभा चिरून २ वाट्या. गाजर १, सिमला मिरची १, कांदा १, फरसबीच्या ८-१० शेंगा, कांद्याच्या पातीच्या ५-६ काड्या. लसणाच्या १०-१२ पाकळ्या, एक इंच आले, हिरव्या मिरच्या २. सोया सॉस ३ मोठे चमचे, लाल मिरचीचा सॉस १ मोठा चमचा, व्हिनेगर १ छोटा चमचा. कॉर्नफ्लोअर १ मोठा चमचा, खाण्याचा सोडा पाव छोटा चमचा, मिरपूड १ छोटा चमचा, चिमूटभर साखर, तेल ५ मोठे चमचे, चवीपुरते मीठ.

दुकानदाराकडे 'अंडरकट' मागावे, तो सर्वांत कोवळा भाग. महाग वाटला तर मांडीचा बिनहाडी तुकडा घ्यावा. तुकडे करून घेऊ नयेत, अख्खा गोळा घ्यावा. कापणे घरी आपल्या हातानेच झाले पाहिजे, कारण सगळी गंमत त्यातच आहे.

मटणाची तयारी

मोठ्याचे मटण चिवट होते अशी तक्रार असते. दोष बहुधा मटणाचा नसतो, कापण्याचा असतो. गोळा नीट पाहा, त्यात एका दिशेने जाणारे धागे दिसतील. सुरी त्या धाग्यांना आडवी चालली पाहिजे. म्हणजे धागे तुटतात आणि दातांना काम उरत नाही. धाग्याच्या दिशेने कापले तर कितीही शिजवा, दोरीसारखे लागते. फ्रिज असेल तर गोळा अर्धा-पाऊण तास बर्फाच्या कप्प्यात ठेवा. किंचित कडक झाला की पातळ काप छान निघतात. काप रुपयाच्या नाण्याइतके पातळ, दोन इंच लांब आणि बोटभर रुंद असावेत.

गावाकडच्या आपल्या आज्या मटणाच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर उन्हात वाळवीत. त्यांना चान्या म्हणत. पावसाळ्यात, हाताला काम नसताना, त्या चान्यांवर घर चाले. मराठवाड्यातल्या आपल्या अशा खाण्याची नोंद शाहू पाटोळे यांनी २०१५ च्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात केली आहे. घरात अशी आजी असेल तर आज सुरी तिच्या हातात द्या. मटण पातळ कापायचे कसब तिच्या बोटांत अजून असेल.

कापांना खाण्याचा सोडा चोळून पंधरा मिनिटे ठेवा. मग पाण्याने धुऊन, घट्ट पिळून काढा. सोडा जास्त घालू नका आणि धुतल्याशिवाय ठेवू नका, नाहीतर साबणासारखी चव येते. आता १ मोठा चमचा सोया सॉस, कॉर्नफ्लोअर, अर्धी मिरपूड आणि १ छोटा चमचा तेल घालून कालवा व अर्धा तास झाकून ठेवा. चिनी आचारी हीच युक्ती करतात. कॉर्नफ्लोअरचा पातळ थर मटणातले पाणी आत धरून ठेवतो. म्हणून मटण मऊ राहते.

मटण जून वाटले तर कुकरचा मार्ग धरा. मग सोडा व कॉर्नफ्लोअर नको. मोठे तुकडे आले, मीठ आणि वाटीभर पाण्यात पाच-सहा शिट्ट्या देऊन शिजवा, गार करा आणि हाताने धागे सुटे करा. खालचे पाणी फेकू नका. त्यात कोबी, लसूण, मिरपूड आणि थोडे कॉर्नफ्लोअर घातले की लेकरांसाठी सूप तयार होते.

नूडल्स

मोठ्या पातेल्यात दोन लिटर पाणी खळखळून उकळा. त्यात १ छोटा चमचा मीठ आणि थोडे तेल घाला. नूडल्स मोडू नका. तीन-चार मिनिटांनी एक धागा तोडून पाहा, आत अगदी किंचित कच्चेपणा दिसला की लगेच चाळणीत ओता. वरून गार पाणी सोडा, छोटा चमचाभर तेल चोळा आणि परातीत पसरून ठेवा. निदान वीस मिनिटे वारा लागू द्या. ओल्या, गरम नूडल्स कढईत टाकल्या की त्यांचा गोळा होतो.

कढईवर

गाडीवाल्याच्या भट्टीची आच आपल्या गॅसला नाही. म्हणून त्याच्यासारखे सगळे एकदम टाकू नये. दोन-दोन माणसांचे दोन घाणे करावेत. लोखंडी कढई असेल तर उत्तम. सगळे चिरून, मोजून हाताशी ठेवा, कारण गॅस पेटला की थांबायला वेळ नसतो.

१. कढई रिकामी तापवा, बारीक धूर दिसला की एक मोठा चमचा तेल घाला. अर्धे मटण पसरून टाका. मिनिटभर हलवू नका, मग उलटा. दोन-तीन मिनिटांत लाली जाऊन कडा तपकिरी होतात. एक काप तोडून पाहा, आत कच्चे नसावे. काढून बाजूला ठेवा. दाटी केली तर पाणी सुटते आणि मटण परतण्याऐवजी उकडते.

२. त्याच कढईत थोडे तेल, मग ठेचलेला लसूण, आले व मिरची. वास सुटला की कांदा आणि फरसबी, मिनिटाने गाजर, मग कोबी व सिमला मिरची. गॅस मोठाच हवा. भाजीचा कुरकुरीतपणा राहिला पाहिजे, दोन-तीन मिनिटे पुरेत.

३. नूडल्स घाला. उरलेला सोया सॉस, मिरचीचा सॉस, साखर, मिरपूड यांचा अर्धा भाग कढईच्या कडेने सोडा. दोन उलथन्यांनी खालून वर उचलत परता. मटण परत घाला. सोया सॉस खारट असतो, म्हणून चाखूनच मीठ घाला. शेवटी थोडे व्हिनेगर आणि कांद्याची पात. दुसरा घाणाही असाच करा.

लाल रंग घालू नये. रंग हवाच तर चार सुक्या मिरच्या गरम पाण्यात भिजवून लसणाबरोबर वाटा. अजिनोमोटो जपानमध्ये १९०८ मध्ये शोधून काढलेल्या चवीच्या क्षारापासून आले. ते विष नव्हे, पण ताज्या मटणाला आणि लसणाला त्याची गरजही नाही. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी सोया सॉस निम्मा करावा.

ज्यांना मटण नको त्यांच्यासाठी

सोयाबीनच्या वड्या गरम पाण्यात भिजवून, पिळून, उभ्या चिरून हीच कृती करावी. अंडे किंवा कोंबडीही चालते. पाहुण्यांत न खाणारे कोणी असेल तर त्यांचा घाणा आधी, स्वच्छ कढईत काढावा. हा साधा आदर झाला.

पोषणाचेही एक सांगतो. आपल्या वस्त्यांतल्या कित्येक मुली आणि माता अंगात रक्त कमी असल्याने थकलेल्या असतात. म्हशीच्या मटणात चरबी कमी, प्रथिने भरपूर असतात, आणि त्यातले लोह पालेभाजीतल्या लोहापेक्षा शरीराला लवकर मिळते. म्हणून वाढताना मटणाचे काप आधी मुलीच्या आणि आईच्या ताटात पडोत. घरातल्या कर्त्या पुरुषाला आधी आणि बायकांना तळातले उरलेसुरले, ही रीतही आपण गावगाड्याबरोबरच मागे टाकायला हवी. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तो अन्नातले लोह अंगी लागू देत नाही.

मुलांना काय सांगायचे?

मटण शिजू लागले की खिडकी लावून घ्यायची आणि मुलांना बजावायचे, "शाळेत सांगू नकोस हं." हे अनेक घरांत घडते. त्यामागे आईची काळजी असते, ते आम्ही जाणतो. पण खोटे न बोलण्याचे शील आपण विहारात मुलांकडून म्हणून घेतो आणि घरी त्याच मुलाला ताटाविषयी खोटे शिकवतो. त्यातून मूल एवढेच शिकते की, आपल्या घरात काहीतरी लाजिरवाणे आहे.

त्यापेक्षा त्याला खरे आणि थोडके शब्द द्या. "आमच्याकडे म्हशीचे मटण खातात. ते कायद्याने चालते. तुमच्याकडे खात नसतील तर तुम्ही खाऊ नका." एवढे पुरे. भांडायचे नाही, कोणाच्या डब्यात डोकावायचे नाही आणि आपला डबा झाकायचाही नाही. शाळेचा डब्याविषयी नियम असेल तर त्या दिवशी सोयाबीनचा घाणा द्यावा. घरी मात्र रविवारी सगळ्यांनी एकत्र बसून, गप्पा मारत, पोटभर खावे.

आणि परतताना फोडणीचा धूर फार होतो, तेव्हा खिडकी उघडीच ठेवा. वास बाहेर गेला तर जाऊ द्या. कोणी विचारले, "काय केलंय आज?" तर खुशाल सांगा, आणि खात असतील तर वाटीभर देऊन या.

नमो बुद्धाय! जयभीम!